आधी प्रलय, मग उत्पत्ती

युनिक्रॉनची आणि माझी पहिली गाठ पडली ती त्याच्या मरणाच्या दिवशी. मुंबईत हुतात्मा चौकाजवळच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग मांडलेले असत आणि कॉलेज सुटले की मी तिथे रेंगाळत असे. एका दुपारी अभियांत्रिकीच्या जाडजूड पुस्तकांखाली दबलेला एक कॉमिकचा अंक हाती लागला. ‘द ट्रान्सफॉर्मर्स’, अंक ७५, फेब्रुवारी १९९१. मुखपृष्ठ निसटलेले, कोपरे दुमडलेले. तिथेच उभ्याउभ्या पाने उलटली. आत एक ग्रह होता. त्या ग्रहाला हात होते, पाय होते, डोक्यावर शिंगे होती, आणि तो दुसऱ्या एका ग्रहाच्या उरावर उभा होता. त्याच्या पायाशी मुंग्यांसारखी दिसणारी यंत्रे लढत होती. त्यांतल्याच एकाने अखेर त्याचा अंत केला आणि त्या खटाटोपात स्वतःही प्राण गमावले.

हा राक्षस कोण, कुठून आला, त्याचे या ग्रहाशी काय वैर, यातले काहीच मला ठाऊक नव्हते. आधीचे ७४ अंक मी पाहिलेही नव्हते. ते पुढच्या कित्येक वर्षांत, एकेक करून, उलट्या क्रमाने मिळत गेले. म्हणजे मी प्रलय आधी वाचला आणि उत्पत्ती मागाहून. तेव्हा मला ते माझे दुर्दैव वाटले होते. पुढे या विषयाचा नीट अभ्यास करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, ज्यांनी ही कथा रचली त्यांनाही ती याच क्रमाने सुचली होती. संहारक आधी जन्माला आला, आणि तो कुठून आला हे सांगता सांगता लेखकांना सृष्टीच्या जन्माची कथा सापडली. या पुस्तकाचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

मराठी वाचकासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. जपानच्या टाकारा कंपनीची ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रोमॅन’ या नावांची खेळणी होती. त्यांतली काही यंत्रमानवांची होती. त्यांचे सांधे फिरवले की यंत्रमानवाची मोटार व्हायची, नाहीतर विमान, नाहीतर कॅसेटप्लेअर. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ती घेतली आणि १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने बाजारात आणली. खेळण्यांना गोष्ट हवी म्हणून मार्व्हल कॉमिक्सला काम दिले गेले. मार्व्हलचे संपादक बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक पात्रांना नावे दिली, प्रत्येकाचा स्वभाव लिहून काढला. सायबरट्रॉन नावाचा धातूचा ग्रह, तिथले ऑटोबॉट आणि डिसेप्टिकॉन हे दोन पक्ष, त्यांचे लाखो वर्षे चाललेले युद्ध, एका बाजूला ऑप्टिमस प्राइम आणि दुसऱ्या बाजूला मेगाट्रॉन, हा सांगाडा तेव्हा उभा राहिला. कॉमिक चार अंकांत आटोपायचे ठरले होते. ते ८० अंक चालले. १९८४ मध्येच दूरचित्रवाणीवर ॲनिमेशन मालिकाही सुरू झाली.

या सांगाड्यात एक मोठी पोकळी होती. ही यंत्रे जिवंत का? त्यांना घडवले कोणी? आणि मुख्य म्हणजे ती रूप का बदलतात? खेळण्याच्या दुकानात या प्रश्नाला उत्तर लागत नाही, कारण तिथे रूप बदलणे हीच विकायची वस्तू असते. पण गोष्टीत लागते. गोष्ट ऐकणारे मूल ‘का’ विचारल्याशिवाय राहत नाही.

या ‘का’चे उत्तर घेऊन आला तो खलनायक. ८ ऑगस्ट १९८६ रोजी ‘द ट्रान्सफॉर्मर्स: द मूव्ही’ अमेरिकेत प्रदर्शित झाला. नेल्सन शिन यांचे दिग्दर्शन, रॉन फ्रिडमन यांची पटकथा. चित्रपटाची सुरुवातच एका भोजनाने होते. लिथोन नावाच्या ग्रहावर यंत्रांची शांत वस्ती आहे, मुले खेळत आहेत, प्रयोगशाळेत कामे चालली आहेत. आकाशात एक प्रचंड गोल दिसू लागतो. त्याचा जबडा उघडतो आणि काही मिनिटांत लिथोन उरत नाही. त्या गोलाला कोणाचा राग आलेला दिसत नाही, तो एक शब्दही बोलत नाही. ग्रह दळला जातो, त्याचे इंधन होते, आणि गोल पुढे निघतो. पुढे कळते की हा गोल म्हणजे युनिक्रॉन. त्यालाही इतर ट्रान्सफॉर्मर्ससारखे रूप बदलता येते. ग्रहाचा तो यंत्रमानव होतो.

युनिक्रॉनला आवाज होता ऑर्सन वेल्स यांचा. १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये याच वेल्स यांनी एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’चे नभोनाट्य केले होते आणि मंगळावरून आलेली यंत्रे खरोखरच अमेरिकेत उतरली आहेत असे काही श्रोत्यांना वाटले होते. युनिक्रॉनचे ध्वनिमुद्रण ही त्यांची चित्रपटातली अखेरची भूमिका ठरली. त्यानंतर काही दिवसांतच, १० ऑक्टोबर १९८५ रोजी, ते गेले. तेविसाव्या वर्षी परग्रहावरच्या संहारयंत्रांची वार्ता देणारा माणूस सत्तराव्या वर्षी स्वतःच ते यंत्र झाला. मला हा नुसता योगायोग वाटत नाही. या कल्पनेची परंपरा किती सलग आहे, याची ती खूण आहे.

ती परंपरा थोडक्यात सांगायला हवी, कारण युनिक्रॉन आकाशातून पडलेला नाही. १८९८ च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये मंगळवासीयांची तीन पायांची यंत्रे इंग्लंड तुडवत जातात. पण त्या यंत्रांच्या आत चालक होते आणि ते जंतूंनी मेले. यंत्राच्या आत कोणीच नसेल तर काय, ही भीती अणुबाँबनंतर बळावली. १९६० मध्ये हर्मन कान या अमेरिकी अभ्यासकाने अणुयुद्धावरच्या ग्रंथात प्रलययंत्राची कल्पना मांडली: आपल्यावर हल्ला झाला की कोणालाही न विचारता सगळे जग नष्ट करणारे साधन. १९६३ पासून फ्रेड सेबरहेगन यांनी ‘बर्सर्कर’ कथा लिहिल्या. त्यांत एका विसरल्या गेलेल्या युद्धातून उरलेली यंत्रे दिसेल तो जीव संपवत फिरतात. १९६७ मध्ये ‘स्टार ट्रेक’च्या एका भागात ग्रह फोडून खाणारे प्रचंड यंत्र आले. कॉमिकमध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६६ साली ‘फँटॅस्टिक फोर’च्या ४८ व्या अंकात ग्रहभक्षक गॅलॅक्टस आणला. दहा वर्षांनी, १९७६ मध्ये, कर्बी यांनीच ‘द इटर्नल्स’मध्ये चिलखतधारी सेलेस्टियल उभे केले. त्यांच्यातला अरिशेम पृथ्वीवर उतरून उभा राहतो आणि जगावे की मरावे याचा निवाडा पन्नास वर्षांनी देणार असतो.

ही सगळी भावंडे एकमेकांशेजारी ठेवली की फरक कळतो. गॅलॅक्टसला भूक आहे. तो जगण्यासाठी खातो, त्याच्या मनात आकस नाही. बर्सर्करना हुकूम आहे, आणि हुकूम देणारे केव्हाच मेले आहेत. अरिशेमला न्याय करायचा आहे. भूक, हुकूम आणि न्याय या तिन्हींशी कशीतरी बोलणी होऊ शकतात. भुकेल्याला दुसरे अन्न दाखवता येते, न्यायाधीशापुढे बाजू मांडता येते. युनिक्रॉनपाशी बोलायला काही उरत नाही. मोठा होत गेला तसतशी त्याची खरी जात उघड झाली: त्याला असण्याचाच द्वेष आहे. काहीही आहे, हेच त्याला सोसत नाही. आपल्या पुराणांतला प्रलय पुन्हा सृष्टी व्हावी म्हणून येतो, युगांचा हिशेब पुरा झाला की येतो, आणि पाण्यावर काहीतरी बीज उरतेच. युनिक्रॉनच्या प्रलयात बीज नाही. पुन्हा काही उगवू नये म्हणूनच तो येतो.

हा खलनायक ज्या वर्षी आला तेही विसरून चालणार नाही. १९८६ हे जगातल्या अण्वस्त्रांचा साठा शिगेला पोहोचल्याचे वर्ष. सुमारे ७०,००० अण्वस्त्रे त्या वर्षी पृथ्वीवर होती. त्याच एप्रिलमध्ये चेर्नोबिल घडले. जग एका झटक्यात संपू शकते हे तेव्हाच्या मुलांना बातम्यांतून ठाऊक होते. पण त्या भीतीला चेहरा नव्हता. दोन शिंगांच्या, ग्रहाएवढ्या डोक्याने तो दिला, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. युनिक्रॉन आला कुठून? चित्रपटाने हे सांगितलेच नाही. म्हणून वेगवेगळ्या लेखकांनी वेगवेगळ्या वेळी उत्तरे शोधली. त्यांतली तीन उत्तरे या पुस्तकाचे तीन मोठे भाग झाली आहेत.

पहिले उत्तर ॲनिमेशन मालिकेने त्याच वर्षी दिले. प्रायमाक्रॉन नावाच्या एका बुटक्या, माकडासारख्या दिसणाऱ्या शास्त्रज्ञाने युनिक्रॉन बनवला आणि तो हाताबाहेर गेला. याच मालिकेत ट्रान्सफॉर्मर्सही विकण्यासाठी बनवलेला माल ठरले. क्विंटेसन नावाच्या पाचतोंडी मालकांच्या कारखान्यातून ते बाहेर पडले होते. या उत्तरात यंत्राचा बाप माणसासारखाच एक प्राणी आहे, गर्विष्ठ आणि हलगर्जी. उत्तर सुटसुटीत आहे. पण त्यामुळे युनिक्रॉन लहान होतो.

दुसरे उत्तर लंडनहून आले, आणि या पुस्तकाचे हृदय तिथे आहे. मार्व्हलची ब्रिटिश शाखा ‘ट्रान्सफॉर्मर्स’चे वेगळे नियतकालिक काढत असे. ते आधी पाक्षिक होते, १९८५ मध्ये साप्ताहिक झाले. अमेरिकेचा मासिक अंक दर आठवड्याची भूक भागवू शकत नव्हता, म्हणून मधल्या जागा भरायला स्थानिक लेखक नेमले गेले. सायमन फर्मन हा त्यांतला तरुण लेखक. जागा भरण्याच्या या कामातून त्याने आधुनिक कॉमिकमधली एक अस्सल पुराणकथा घडवली. ३३२ अंक चाललेल्या त्या नियतकालिकाचे महत्त्व माझ्या माहितीत मराठीत कोणी सांगितलेले नाही, म्हणून मी त्यावर सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत.

फर्मनची पहिली हुशारी अशी की त्याने युनिक्रॉनला फारसे दाखवलेच नाही. १९८६ च्या ‘टार्गेट: २००६’मध्ये गॅल्व्हाट्रॉन भविष्यातून वीस वर्षे मागे येतो. हा गॅल्व्हाट्रॉन म्हणजे युनिक्रॉनने नव्याने घडवलेला मेगाट्रॉन, महाशक्तिमान आणि गुलाम. आपल्या मालकाविरुद्ध त्याच्या पाठीमागे, भूतकाळात सापळा रचावा म्हणून तो आला आहे. ज्याच्यापुढे सगळे ऑटोबॉट हतबल होतात असा क्रूरकर्मा स्वतः कोणाच्या तरी भीतीने पळतो आहे! धन्याचा धाक नोकराच्या डोळ्यांत दाखवायचा, ही जुन्या कथाकारांची रीत. हरवता न येणारा खलनायक कसा लिहावा याचा हा धडा आहे: त्याचा आकार सांगू नका, त्याला भिणाऱ्यांचा आकार सांगा.

मग १९८८ च्या सुरुवातीला ‘द लेगसी ऑफ युनिक्रॉन’ आले आणि उत्पत्ती सांगितली गेली. आरंभी दोन देव होते, प्रकाशाचा प्रायमस आणि अंधाराचा युनिक्रॉन. युद्धात प्रायमस दुबळा पडत होता, म्हणून त्याने युक्ती केली. तो युनिक्रॉनला चकवून जड सृष्टीत घेऊन आला आणि दोघेही दोन ओसाड गोलांत कायमचे कोंडले गेले. मनाच्या बळाने प्रायमसने आपल्या तुरुंगाला आकार दिला. तो सायबरट्रॉन. त्या ग्रहावर त्याने आपली लेकरे घडवली, कारण युनिक्रॉनही कधीतरी आपला गोल वळवायला शिकेल आणि येईल हे त्याला ठाऊक होते. युनिक्रॉन शिकला. आला.

हे वाचल्यावर खेळण्याच्या दुकानातला तो प्रश्न एकदम सुटतो. ही यंत्रे रूप का बदलतात? कारण त्यांचा देव एका गोलात अडकून पडला होता, आणि अडकलेल्याला एकच विद्या तारते, मिळालेल्या देहाला नवे रूप देण्याची. ती विद्या लेकरांना रक्तातून मिळाली. आणि ही यंत्रे जिवंत का? कारण कोणीतरी येणार आहे आणि त्याला सामोरे जायचे आहे. पात्रे आधी होती, ग्रह होता, युद्ध होते. पण त्या सगळ्याला हेतू मिळाला तो संहारकामुळे. युनिक्रॉन काढून टाका, प्रायमस उरत नाही. प्रायमस काढा, आणि ही सगळी पुन्हा चावी दिल्यासारखी हलणारी खेळणी होतात.

तिसरे उत्तर अलीकडचे. आयडीडब्ल्यू या प्रकाशनसंस्थेने २००५ मध्ये नव्याने सुरू केलेली कथासृष्टी २०१८ मध्ये संपवली, ती ‘ट्रान्सफॉर्मर्स: युनिक्रॉन’ या सहा अंकी मालिकेने. लेखक जॉन बार्बर, चित्रकार ॲलेक्स मिल्न. इथे युनिक्रॉन देव नाही आणि फसलेला प्रयोगही नाही. सायबरट्रॉनच्या पूर्वजांनी ज्यांच्या जगांवर वसाहती लादल्या, त्या चिरडल्या गेलेल्यांच्या सूडाचे तो अस्त्र आहे. १९८६ मध्ये हाताबाहेर गेलेले यंत्र, १९८८ मध्ये अनादि अंधार, २०१८ मध्ये पूर्वजांचे पाप. प्रलय एकच, त्याचे जन्म तीन. प्रत्येक पिढीने त्याला आपल्या भीतीच्या पोटी जन्म दिला.

चित्रांबद्दल दोन शब्द इथेच सांगतो. ग्रहाएवढा यंत्रमानव पडद्यावर दाखवणे आणि कागदावर दाखवणे यांत फरक आहे. पडद्याची चौकट ठरलेली असते. कॉमिकचा चित्रकार चौकटीच लहानमोठ्या करतो. अंक ७५ ची चित्रे जेफ सीनियर यांची आहेत. ते बारीक तपशील भरत बसत नाहीत. टोकदार, झपाट्याची रेघ मारतात आणि मोकळी जागा सोडतात. आधी छोट्या चौकटींत माणसाएवढे चेहरे, मग पान उलटले की कडेपासून कडेपर्यंत युनिक्रॉन. वाचणाऱ्याचा हातच त्या राक्षसाला समोर आणतो. फूटपाथवर उभ्या असलेल्या मला जो धक्का बसला तो या कारागिरीचा होता, हे समजायला मला वीस वर्षे लागली.

आणि लढाई? चित्रपटात हॉट रॉड नावाचा तरुण ऑटोबॉट युनिक्रॉनच्या पोटात असताना मॅट्रिक्स नावाची दिव्य वस्तू उघडतो, आणि त्या प्रकाशाने राक्षस आतून फुटतो. भागवतातला अघासुर आठवावा. डोंगराच्या गुहेसारखा जबडा पसरून तो पडला होता. कृष्ण आत शिरला आणि आत जाऊन वाढला. बाहेरून न मरणाऱ्याला आतून मारायचे, ही युक्ती दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचलेली आहे. पण अमेरिकी कॉमिकच्या अंक ७५ चा लेखकही फर्मनच, आणि तो आणखी पुढे जातो. त्या शेवटच्या क्षणापर्यंत पोहोचण्याआधी, आधीच्या अंकांत, ऑप्टिमस प्राइमला डिसेप्टिकॉनांच्या तेव्हाच्या नेत्यापुढे, स्कॉर्पोनॉकपुढे शरण जावे लागते. युनिक्रॉन येत असताना आपसात लढणे हा मूर्खपणा आहे, आणि समोरचा हे ऐकत नसेल तर आपण शस्त्र टाकावे, असा निर्णय तो घेतो. त्याचेच लोक त्याला नावे ठेवतात. पण त्यातूनच दोन्ही सैन्ये एका बाजूला उभी राहतात आणि स्कॉर्पोनॉक युनिक्रॉनवर चाल करून जाताना मरतो. आयुष्यभर खलनायक असलेल्या त्या पात्राला फर्मनने दिलेले मरण मी आजही सहज वाचू शकत नाही.

एक गोष्ट मात्र खेळण्यांच्या इतिहासाकडून शिकण्यासारखी आहे. खेळणी विकण्यासाठी काढलेल्या चित्रपटाचा हा मुख्य खलनायक, पण त्याचे खेळणे तेव्हा बाजारात आलेच नाही. नमुने तयार झाले, विक्री झाली नाही. पहिला युनिक्रॉन दुकानात आला तो २००३ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी. ही सतरा वर्षे तो फक्त गोष्टीत जगला. त्याला विकत घेता येत नव्हते, म्हणून त्याला आठवावे लागले. २०१९ मध्ये हॅस्ब्रोने सुमारे ५७५ डॉलर किमतीचा, २७ इंच उंचीचा युनिक्रॉन जाहीर केला आणि ८,००० जणांनी आगाऊ पैसे भरले तरच तो बनवू असे सांगितले. मुदत वाढवावी लागली, पण आकडा गाठला गेला. त्यांतल्या पुष्कळांनी लहानपणी लिथोन गिळला जाताना पाहिला असेल. २०२३ च्या ‘राइज ऑफ द बीस्ट्स’मधून तो आपल्याकडच्या चित्रपटगृहांतही येऊन गेला.

वाचकाला आता पुस्तकाच्या मांडणीविषयी सांगायला हवे. प्रकरणे कालक्रमाने लावलेली नाहीत. पहिले प्रकरण अंक ७५ चे आहे, म्हणजे शेवटचे युद्ध. तिथून मागे मागे जात आपण प्रायमसच्या झोपेपर्यंत पोहोचतो. मला हा क्रम फूटपाथने शिकवला आणि अभ्यासाने पटवला. पात्रांची नावे मूळचीच ठेवली आहेत, कारण ‘ऑप्टिमस प्राइम’चे भाषांतर केले तर ज्या मुलाला तो ठाऊक आहे त्याला तो परका होईल. इंद्रजाल कॉमिक्सने फँटमचा ‘वेताळ’ केला आणि तो मराठी घरांत रुळला. तो काळ वेगळा होता, तेव्हा बहुतेक मराठी मुलांनी फँटम आधी पाहिलेला नव्हता. ज्यांनी मला जुने अंक उसने दिले, झेरॉक्स काढू दिले, चुकीच्या तारखा दुरुस्त करून दिल्या, त्या मित्रांचा मी ऋणी आहे. त्या फूटपाथवरच्या विक्रेत्याने मुखपृष्ठ नाही म्हणून अर्ध्या किमतीत अंक दिला होता, त्याचाही.

शेवटी, ज्या कथाप्रसंगावर हे पुस्तक संपते त्याचा उल्लेख करतो. प्रायमस सायबरट्रॉनच्या गाभ्यात झोपलेला असतो. त्याला जाग येऊ नये, कारण जाग आली तर त्याची चाहूल युनिक्रॉनला लागेल. वर त्याची लेकरे लाखो वर्षे एकमेकांशी लढत असतात. आपण कोणाच्या अंगावर उभे राहून लढतो आहोत हे त्यांना माहीत नसते. एके दिवशी ती लढाई खाली गाभ्यापर्यंत पोहोचते. प्रायमस जागा होतो आणि किंचाळतो. ती किंकाळी अवकाशात दूरवर जाते, आणि तिकडे अंधारात एक प्रचंड गोल आपली दिशा बदलतो.

प्रलयाला निरोप असा गेला. तो नेणारे हात घरचेच होते.